आगोटीची कामं: कोकण किनाऱ्यावरचं घर पावसाआधी कसं सावरायचं

मृगाला पाऊस, म्हणून रोहिणीत आगोटीची कामं उरकायची, हा कोकणातला जुना हिशेब. तो आता जसाच्या तसा धरून चालत नाही. २०२० मध्ये निसर्ग वादळ ३ जूनला श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आलं. २०२१ मध्ये तौक्ते १६ मेलाच सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गेलं. २०२५ मध्ये तर मान्सूनच २५ मेला देवगडपर्यंत पोचला, म्हणजे रोहिणी नक्षत्र लागतं त्या दिवशी. अशा वेळी शाकारणीसाठी कौलं उतरवून ठेवलेलं घर सापडलं, तर आतलं सगळंच जातं.

त्यामुळे छपराचं काम १० मेच्या आत, घराभोवतालचं १५ मेपर्यंत आणि खाण्यापिण्याची बेगमी २० मेपर्यंत, असा बेत ठेवावा. क्रमही हाच. बेगमी चार दिवस पुढे गेली तरी डोक्यावर कौल असतं. बहुतेक घरी उलटं होतं, कारण एप्रिल-मेमध्ये आंबा, काजू, रातांबे आणि चाकरमानी एकदमच येतात आणि छपरावर चढणारा माणूस मिळत नाही. त्याला पाडव्याच्या सुमारासच सांगून ठेवावं.

छप्पर

आधी खालून तपासा. भर दुपारी माळ्यावर जा, दिवे बंद करा, दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या आणि वर बघा. जिथून उजेडाचा कण दिसेल तिथल्या वाशावर खडूने खूण करा. गेल्या पावसात भिंतीवर जिथे ओघळ आला होता, तिथेच वर भोक असेल असं नाही. पाणी रिपेवरून किंवा वाशावरून घसरत तीन-चार हात खाली येऊन मग टपकतं. म्हणून डागापासून उताराच्या वरच्या दिशेला शोधत जायचं. वाशांची आणि रिपांची टोकं बोटाने नाही, खिळ्याने टोचून बघा. खिळा सहज आत गेला तर ते लाकूड बदलायचं, मग वरून कितीही चांगलं दिसो.

वर चढायचं ते सकाळी. दुपारी कौलं तापतात, आणि दव असेल तर शेवाळावरून पाय सटकतो, म्हणून ऊन पडून तासभर झाल्यावरची वेळ चांगली. पाय कौलाच्या मधोमध देऊ नका, खालच्या बाजूला, जिथे दोन कौलं एकावर एक बसतात आणि खाली रीप असते तिथे द्या. त्याहून बरं म्हणजे आढ्याला दोरी बांधून उतारावर शिडी आडवी टाकायची आणि तिच्यावरूनच फिरायचं. एकट्याने चढू नये.

मंगळुरी कौल गळतं ते बहुतेकदा फुटल्यामुळे नाही. त्याच्या कडेच्या पन्हळीत शेवाळ आणि फणसा-आंब्याचा पाचोळा साचतो, पाणी अडतं, चढतं आणि शेजारच्या कौलाखाली शिरतं. म्हणून आधी खराट्याने पाचोळा झाडा, मग काथ्याच्या ब्रशने पन्हळी घासून काढा. तारेचा ब्रश वापरू नका. कौलाचा वरचा गुळगुळीत थर खरवडला गेला की पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट धरतं. संशय आलेलं कौल उचलून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत तडा आहे.

नवीन कौल घ्यायला जाताना जुनं एक कौल बरोबर न्या. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांची खाच वेगळी असते, दिसायला सारखी दिसली तरी एकमेकांत बसत नाहीत, आणि तेवढ्याच फटीतून झडीचं पाणी आत येतं. जुनी कौलं आता मिळेनाशी झाली आहेत, तेव्हा गावात कुणाचं घर उतरवत असतील तर वीस-पंचवीस कौलं मागून ठेवलेली बरी. मोठा पट्टा बदलायचा असेल तर चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात, वर दहा टक्के फुटीसाठी धरा. पावसाळाभर दहा-पंधरा सुटी कौलं पडवीत हाताशी हवीत. वानरांचा कळप एकदा घरावरून गेला की त्यांची गरज कळते.

आढ्यावरच्या कोन्यांचा गिलावा हा सगळ्यात दुबळा भाग. उन्हाने तो भेगाळतो. भेगेवर नुसतं सिमेंट फासून उपयोग नाही, सुटलेला भाग छिन्नीने काढा, जागा ओली करा आणि एक भाग सिमेंटला चार भाग चाळलेली रेती घेऊन भरा. ही रेती समुद्रकाठच्या पुळणीवरची नको. तिच्यातलं मीठ पाणी ओढत राहतं आणि गिलावा पुन्हा सुटतो. भरलेल्या जागेवर ओलं गोणपाट टाकून किमान चार दिवस पाणी मारायचं, नाहीतर मे महिन्याच्या उन्हात त्याच दिवशी भेग पडते. जिथे दोन उतार एकमेकांना मिळतात तिथला पन्हळीचा पत्रा हात लावून बघा. खारवट हवेत तो मधोमध गंजून चाळणीसारखा होतो, आणि त्याला डांबर फासण्यापेक्षा पत्रा बदललेला स्वस्त पडतो.

नळ्यांचं छप्पर असेल तर दरवर्षी पूर्ण शाकारणी लागतेच, कारण नळ्यांना खाच नसते, ते नुसते एकमेकांवर टेकलेले असतात आणि वाऱ्याने, मांजरांनी, वानरांनी सरकतात. एका वेळी एकच पट्टा उघडायचा आणि संध्याकाळपर्यंत झाकायचा. सगळं घर एकदम उघडं करू नका, आकाश कितीही निरभ्र असो.

स्लॅबवर पत्र्याची शेड घातलेल्या घरांत हुकाखालचे रबरी वायसर बघा. दोन-तीन उन्हाळ्यांत ते कडक होऊन तडकतात. वारा पत्रा उचलतो तो कडेपासून, मधून नाही. म्हणून कडेच्या दोन ओळींतले हुक जवळजवळ हवेत आणि एकही ढिला नको.

झापं, पागोळी आणि गटार

नैऋत्येकडची पडवी उघडी राहिली तर झडीने भिंत आषाढभर ओली राहते आणि श्रावणात तिला पोपडे धरतात. यावर माडाच्या चुडतांच्या (झावळ्यांच्या) विणलेल्या झापांइतकं चांगलं अजून काही निघालेलं नाही. पूर्ण वाढलेलं चुडत मधल्या दांड्यातून उभं चिरायचं, तीन-चार दिवस पाण्यात भिजत ठेवायचं आणि पाती ओली असतानाच विणायची. सुकी पाती विणताना मोडतात. बांधताना खालून सुरुवात करा. खालची ओळ आधी, तिच्यावर वीतभर चढवून वरची ओळ, म्हणजे पाणी बाहेरून घसरतं. मागे-पुढे चिवारीच्या काठ्या आणि काथ्याची सुतळी. जमिनीपासून वीतभर आणि वळचणीखाली हातभर जागा मोकळी सोडा.

ही मोकळी जागा महत्त्वाची, आणि निळी ताडपत्री लावणारे नेमके तिथेच चुकतात. ताडपत्रीने पडवी वरपासून खालपर्यंत बंद केली की पाणी अडतं खरं, पण आतला दमटपणाही आतच राहतो आणि बुरशी धरते. ताडपत्रीच वापरायची असेल तर ती भिंतीपासून दोन-तीन हात लांब, वासे रोवून, वर-खाली फट ठेवून बांधा. वाऱ्यात तिचं शीड होऊ नये म्हणून मधे काठ्या हव्यात.

पागोळ्या पडतात त्या रेषेत हातभर रुंद जाड खडी किंवा जांभ्याचे तुकडे पसरा. मातीवर पडणारी पागोळी चिखल उडवते, तो भिंतीच्या पायथ्याला बसतो आणि तिथूनच ओल वर चढते. गटाराला दहा फुटांमागे निदान सव्वा इंच उतार हवा. बादलीभर पाणी ओतून बघा. ते मधे कुठे थांबलं तर पहिल्याच पावसात तिथे गाळ साचेल. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) खालच्या थरात पाणी निघायला भोकं आहेत ना, हेही बघून घ्या. मागे पाणी तुंबलं की गडगा कोसळतो, आणि तो नेहमी रात्रीच कोसळतो.

माडांवरची सुकी चुडतं आणि तयार नारळ मेमध्येच उतरवावेत, निदान घरावर आणि वाटेवर झुकलेल्या माडांचे तरी. सुपारी असेल तर कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पावसाआधीच झाली पाहिजे: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचुदाचं द्रावण चुन्याच्या निवळीत ओतायचं, उलट नाही, आणि भांडं प्लास्टिकचं घ्यायचं. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून काढा. पात्यावर तांबडा थर दिसला तर चुना कमी पडला आहे.

बेगमी

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, त्यामुळे सुक्या मासळीची खरेदी मे अखेरपर्यंत आटपते. घेताना वास घ्या. समुद्राचा उग्र वास चालतो, डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास चालत नाही. खाऱ्या बांगड्यावर पांढरे कण दिसले तर ते मीठ आहे. गुलाबी किंवा तांबूस डाग दिसला तर तो मीठ सोसणाऱ्या जिवाणूंचा, तो मासा परत ठेवा. जवळा मुठीत दाबल्यावर कुरकुरला पाहिजे, लिबलिबीत जवळा पंधरा दिवसांत काळा पडतो. घरी आणल्यावर पुन्हा दोन उन्हं द्या, डब्याच्या तळाशी वर्तमानपत्र घाला आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. एकाच मोठ्या डब्यापेक्षा तीन-चार लहान डबे बरे. दर वेळी सगळ्या मासळीला दमट हवा लागत नाही.

आमसुलांसाठी पूर्ण पिकलेले रातांबे घ्या. फोडून साली वेगळ्या काढा, गरासकट बिया एका भांड्यात ठेवा आणि त्यात जाडं मीठ घाला, दहा किलो सालींना साधारण एक किलो. सुटलेल्या रसात साली रात्रभर बुडवायच्या आणि दिवसा उन्हात टाकायच्या, असं पाच-सहा पुटं होईपर्यंत. पुटं कमी दिली तर आमसूल फिकट आणि कडक होतं, सोलकढीला रंग येत नाही. मीठ कमी पडलं तर जुलैत बुरशी येते. पूर्ण वाळलेलं आमसूल वाकवलं तर वाकतं, मोडत नाही, आणि बोटाला रस लागत नाही.

तांदूळ, मसाल्याच्या मिरच्या, पापड, कुळीथ, सगळ्यांना एकच नियम: ऊन दिल्यावर गरम असताना भरायचं नाही. गरम धान्य बंद डब्यात घातलं की आतल्या वाफेचं पाणी होतं आणि तेच किडीला नि बुरशीला पुरतं. पण रात्रभर उघडंही ठेवू नये, कारण समुद्रावरची हवा ते सगळं परत ओलं करते. दुपारी तीन-साडेतीनला उचला, सावलीत पातळ कपड्याखाली तासभर निवू द्या आणि संध्याकाळच्या आत डबा बंद करा. पावसाळ्यात उघडीप मिळाली की पहिला मान सुकटीला, मग अंथरुणाला.

आतली ओल आणि गंज

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि पायांखाली चिऱ्याचे किंवा लाकडाचे तुकडे द्या. आत एका स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात पाव किलो कळीचा चुना ठेवा. भांडं अर्धंच भरायचं, चुना ओल शोषून फुगतो. खड्यांची भुकटी झाली की तो संपला, नवीन घाला. त्यावर पाणी पडू देऊ नका, भयंकर तापतो, आणि पोरांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नका. कपडे अर्धवट वाळलेले घडी करून ठेवले की येणारा कुबट वास धुऊनही पटकन जात नाही. इस्त्री फिरवा, पण इस्त्रीची वाफ जाईपर्यंत ते दोरीवरच राहू द्या.

बिजागऱ्या, कड्या, शिलाई मशीन, सायकलची साखळी यांना मशीनचं तेल द्या. खोबरेल देऊ नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. बाहेरच्या दाराला पितळी कुलूप. स्कूटर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः खालचा भाग, कारण पावसाने वरचं मीठ धुऊन जातं, मडगार्डच्या आतलं राहतं. मीटरजवळचा विजेची गळती रोखणारा स्विच महिन्यातून एकदा चाचणीचं बटण दाबून बघा. बटण दाबल्यावर तो पडला नाही तर तो शोभेचा आहे, वायरमनला बोलवा.

विहीर

पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी गढूळ होतं तेव्हा टीसीएल पूड (ब्लीचिंग पावडर) घालायची. प्रमाण हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम, गढूळपणा जास्त तसं पाचाकडे. पाणी किती ते असं काढा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ७८५ ने गुणा, उत्तर लिटरमध्ये. अडीच मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर जवळपास १४,७०० लिटर, म्हणजे ३७ ते ७४ ग्रॅम पूड. ती बादलीत कालवा, दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडा आणि खालचा चुना टाकून द्या. कळशीने पाणी ढवळा आणि निदान तासभर कुणी भरू नका. रात्री घालणं उत्तम. पुडीची पिशवी उघडी राहिली तर क्लोरीन उडून जातो. वास येत नसलेली पूड म्हणजे नुसता चुना.

भरतीचा हिशेब आणि बावटा

खाडीकाठच्या गावात किती पाऊस पडला यापेक्षा तो कोणत्या वेळी पडला हे जास्त महत्त्वाचं. भरती असताना व्हाळांचं, म्हणजे ओढ्यांचं, पाणी समुद्रात उतरत नाही, मागे बाजारात चढतं. म्हणून भरतीची वेळ तोंडपाठ हवी. जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा तेच, ओहोटी साधारण सहा तासांनी. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो आणि खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा, त्यामुळे एक-दोन महिने आपल्या धक्क्यावर ताडून बघून आपल्या गावाची बेरीज-वजाबाकी ठरवा.

अमावास्या-पौर्णिमा आणि पुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे, अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती. आता हवामान खात्याच्या शब्दांशी हे जोडा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. भांगाच्या दिवसांत अतिमुसळधार पाऊस खाडीकाठची घरं बहुधा सोसतात. तोच पाऊस उधाणाच्या भरतीवर पडला तर सकाळी दहाच्या आत खालच्या फळ्यांवरचा माल वर गेलेला हवा. चिपळूण २२ जुलै २०२१ ला बुडालं तेव्हा गुरुपौर्णिमा तोंडावर आली होती.

बंदरावरचा बावटा, म्हणजे वादळाच्या इशाऱ्याचं निशाण, तोही वाचता यावा. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे. तीन नंबर म्हणजे सोसाट्याचा वारा बंदराला लागू शकतो, होड्या वर ओढून घ्या. चार नंबरला बंदरालाच वादळाचा इशारा असतो. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे आणि अकरा म्हणजे इशारा देणाऱ्या कचेरीशी संपर्कच तुटला. तीन नंबर पावसाळ्यात अनेकदा लागतो म्हणून त्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागते. ती सवय मे आणि नोव्हेंबरमध्ये महागात पडते.

वादळाच्या तयारीत एक गोष्ट हमखास चुकते. पावसाळ्याचा वारा नैऋत्येचा, म्हणून घराची तीच बाजू बंदिस्त असते. पण समुद्रातून उत्तरेकडे सरकणाऱ्या चक्रीवादळाचा वारा आधी पूर्वेकडून, जमिनीकडून लागतो, मग दक्षिणेकडून आणि शेवटी नैऋत्येकडून. म्हणजे पहिला मारा परसदारावर. तिथली कौलं, न्हाणीघराचा पत्रा, गोठा आधी बांधा. वाऱ्याच्या बाजूची दारं-खिडक्या पूर्ण बंद ठेवा. तिथून आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो आणि बाहेरचा वारा त्याला वरून ओढतो, कौलं अशीच उडतात. वादळ थेट गावावरून गेलं तर मधे वारा एकदम पडतो. कौलं सारखी करायला तेव्हा वर चढू नका. थोड्या वेळाने उलट दिशेने तेवढाच वारा येतो. वीज आठवडाभरही येत नाही, म्हणून वादळाआधी टाकी भरा, माणशी दिवसाला तीन लिटर पिण्याचं पाणी वेगळं काढा, एक सिलिंडर शिल्लक ठेवा आणि पंपाशिवाय विहिरीचं पाणी काढायला रहाट-दोरी आहे ना ते बघा.

झापं कधी काढायची

तरणा आणि म्हातारा पाऊस, पुनर्वसू नि पुष्याचा, सरला की गणपतीसाठी पडवी मोकळी करायची घाई होते. पुढचं दार मोकळं करा, पण नैऋत्येची झापं राहू द्या. हस्ताचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो आणि भातकापणीच्या तोंडावर वाटेल त्या दिशेने झोडतो. फयान २००९ मध्ये ११ नोव्हेंबरला आलं होतं. झापं दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यावर काढा, दोन उन्हं देऊन गुंडाळून माळ्यावर टाका. धड राहिलेली पुढच्या वर्षी आतल्या ओळीला चालतात, बाकीची चुलीला.